एचडी बॉक्स आल्यावरही चित्र जुनेच का दिसते?

घरात एचडी सेट-टॉप बॉक्स बसवला, दरमहा जादा पैसेही जाऊ लागले, तरी टीव्हीवरचे चित्र पूर्वीसारखेच का दिसते, हा प्रश्न गोंदिया, तिरोडा किंवा आमगावच्या बाजारात बॉक्स विकणाऱ्याला ग्राहक नेहमी विचारतात. आणि बॉक्सच खराब निघाला, हे त्याचे सर्वांत सोपे पण बहुतेक वेळा चुकीचे उत्तर असते. एचडी चित्र वाहिनीच्या केंद्रातून निघून उपग्रह, छत्री (डिश), तार, बॉक्स आणि पडदा अशा अनेक टप्प्यांतून डोळ्यांपर्यंत पोहोचते, आणि त्यांतील कोणताही एक टप्पा तोकडा पडला तरी उरलेल्या सर्वांचा चांगुलपणा वाया जातो. गोंदिया जिल्ह्यातील शेतकऱ्याला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही, कारण माजी मालगुजारी तलाव, म्हणजे ज्याला सर्वत्र मामा तलाव म्हणतात तो, काठोकाठ भरलेला असला तरी पाट जिथे सर्वांत अरुंद असेल तिथून जेवढे पाणी सुटेल तेवढेच शेवटच्या बांधीतील धानाला मिळते. या प्रकरणात चित्राचा हा पाट टप्प्याटप्प्याने तपासला आहे.

१. ठिपक्यांचा हिशेब

टीव्हीचे चित्र अत्यंत बारीक ठिपक्यांनी बनते आणि या प्रत्येक ठिपक्याला पिक्सेल म्हणतात. भारतात साध्या प्रतीच्या, म्हणजे एसडी, प्रक्षेपणात एका आडव्या ओळीत ७२० ठिपके आणि अशा ५७६ ओळी असतात, म्हणजे एकूण ४,१४,७२० ठिपके. एचडी प्रक्षेपणात एका ओळीत १,९२० ठिपके आणि अशा १,०८० ओळी असतात, म्हणजे एकूण २०,७३,६००. भागाकार केला तर दुसरी संख्या पहिलीच्या बरोबर पाचपट निघते. तेवढ्याच पडद्यावर पाचपट तपशील बसवायचा असल्यामुळे साडीच्या काठाची वीण, क्रिकेटच्या धावफलकावरील लहान आकडे आणि बातम्यांच्या तळाशी धावणारी पट्टी यांत फरक सर्वांत आधी जाणवतो.

बॉक्सच्या सेटिंगमध्ये ‘१०८०आय’ असे लिहिलेले आढळते. त्यातील ‘आय’ या अक्षराचा अर्थ असा की १,०८० ओळी एकाच वेळी येत नाहीत. आधी विषम क्रमांकाच्या आणि मग सम क्रमांकाच्या ओळी येतात, अशी अर्धी चित्रे सेकंदाला ५० वेळा पाठवली जातात आणि ती जोडण्याचे काम टीव्ही करतो. स्थिर दृश्यात हे कळतही नाही, मात्र कबड्डीपटू वेगाने वळतो तेव्हा स्वस्त संचाला ही जोडणी नीट साधत नाही आणि खेळाडूच्या कडेला कंगव्याच्या दातांसारखी झालर दिसू लागते.

येथे संचाचा विचार करणे भाग आहे. बाजारात ‘एचडी रेडी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या ३२ इंची संचांपैकी बहुतेकांचा पडदा १,३६६ गुणिले ७६८, म्हणजे सुमारे साडेदहा लाख ठिपक्यांचा असतो. असा संच एचडी चित्र स्वीकारतो, पण ते आपल्या ठिपक्यांत बसेल इतके लहान करून दाखवतो, त्यामुळे बॉक्सने पाठवलेल्या वीस लाख ठिपक्यांपैकी जवळपास निम्मे पडद्यावर पोहोचतच नाहीत. तरीही जे उरते ते एसडीच्या अडीचपट असते, म्हणून एचडी रेडी संचाला एचडी बॉक्स जोडणे निरर्थक ठरत नाही. पूर्ण लाभासाठी मात्र ‘फुल एचडी’ किंवा त्यापुढचा पडदा हवा.

२. खाट कुठे टाकली आहे?

ठिपके कितीही वाढले तरी ते वेगळे ओळखण्याची डोळ्याची शक्ती मर्यादित आहे. निरोगी डोळा साधारणपणे एका अंशाच्या साठाव्या भागाइतक्या कोनातील दोन बिंदू वेगळे पाहू शकतो, आणि या एका मोजमापावरून बैठकीचे अंतर काढता येते. ३२ इंची संचाच्या पडद्याची उंची सुमारे ४० सेंटिमीटर असते. ती १,०८० ओळींत विभागली तर एक ओळ ०.३७ मिलिमीटरची होते आणि एवढी बारीक ओळ साधारण चार फुटांपर्यंतच वेगळी दिसते. तीच उंची ५७६ ओळींत विभागली तर ओळ ०.६९ मिलिमीटरची होते आणि ती जवळपास आठ फुटांपर्यंत वेगळी दिसते.

याचा अर्थ असा की ३२ इंची संचापासून आठ फुटांपलीकडे खाट टाकून बसणाऱ्याच्या डोळ्याला एसडीच्याही ओळी वेगळ्या दिसत नाहीत, म्हणून तिथून एचडीच्या जादा ओळी त्याला मिळाल्या काय आणि न मिळाल्या काय, फरक फारसा उरत नाही. आठ फुटांच्या आत सरकू लागले की एचडीचा फायदा वाढत जातो आणि चार फुटांवर तो पूर्ण मिळतो. हाच हिशेब ४३ इंची संचाला लावला तर ही दोन अंतरे साधारण साडेपाच आणि साडेदहा फूट अशी येतात. प्रत्यक्षात एसडी वाहिन्यांचे चित्र बरेचदा प्रमाणाबाहेर दाबून पाठवलेले असते, त्यामुळे फरक या अंतरांपेक्षा थोडा दुरूनही जाणवतो. तरी लांबट बैठकीच्या एका टोकाला टीव्ही आणि दुसऱ्या टोकाला माणसे, अशी मांडणी असलेल्या घरात निराशेचे मूळ बॉक्समध्ये नसून अंतरात असते. दृष्टी कमी झालेली वडीलधारी माणसे संचाजवळ खुर्ची ओढून बसतात, आणि अक्षरांच्या कडा स्वच्छ झाल्याचा सर्वाधिक उपयोग त्यांनाच होतो, हे बॉक्स विकताना क्वचितच सांगितले जाते.

३. छतावरून दक्षिणेकडे

थेट उपग्रहावरून घरी येणाऱ्या सेवेला डीटीएच म्हणतात. तिचे उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारे ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतात. तेथे त्यांना पृथ्वीभोवती एक फेरी घालण्यास पृथ्वीच्या स्वतःभोवतीच्या एका फेरीइतकाच वेळ लागतो, म्हणून ते आकाशात एकाच जागी खिळलेले भासतात आणि छत्री एकदा बसवली की पुन्हा हलवावी लागत नाही. गोंदिया शहर सुमारे २१.५ अंश उत्तर अक्षांशावर आणि ८०.२ अंश पूर्व रेखांशावर असल्याने येथील प्रत्येक छत्रीचा रोख दक्षिणेकडे असतो. मात्र तो दक्षिणेपासून पूर्वेकडे किती कलला आहे आणि किती उंच आहे, हे सेवेनुसार बदलते. टाटा प्लेचे उपग्रह ८३ अंश पूर्वेवर आहेत, म्हणजे जवळजवळ गोंदियाच्याच रेखांशावर, म्हणून ते दक्षिणेपासून फक्त आठ अंश पूर्वेला आणि क्षितिजापासून ६५ अंश उंच दिसतात. डीडी फ्री डिशचा जीसॅट-१५ हा उपग्रह ९३.५ अंशांवर असून तो दक्षिणेपासून ३३ अंश पूर्वेला व सुमारे ६१ अंश उंच येतो, तर एअरटेलचा १०८.२ अंशांवरील उपग्रह ५५ अंश पूर्वेला आणि केवळ ५० अंश उंच आहे.

हे आकडे कोरडे वाटले तरी आवारात चिंच, आंबा किंवा मोहाचे झाड असलेल्या घरात सेवा निवडताना ते फार उपयोगी पडतात. समजा, छत्रीच्या पातळीपासून दहा मीटर उंच गेलेले झाड उपग्रहाच्या दिशेला उभे आहे. उपग्रह ६५ अंश उंच असेल तर झाड पाच मीटर दूर असले तरी लहरी त्याच्या शेंड्यावरून सुखरूप येतात. उपग्रह ५० अंशांवर असेल तर तेच झाड साडेआठ मीटरपेक्षा दूर असावे लागते. एकाच आवारात एक सेवा स्वच्छ दिसते आणि दुसरी पानाफुलांत अडकते, याचे कारण बहुतेक वेळा हेच असते. उन्हाळ्यात बसवलेली छत्री पावसाळ्यात पालवी दाटल्यावर कुरकुरू लागते, तीही याचमुळे.

छत्रीचे तोंड पाहून दिशेचा अंदाज करताना एक फसगत होते. घरगुती छत्रीत लहरी गोळा करणारा भाग, ज्याला एलएनबी म्हणतात, मध्यभागी नसून खालच्या बाजूला दांडीवर असतो. त्यामुळे छत्री दिसते त्यापेक्षा वीस-पंचवीस अंश अधिक वर ‘पाहत’ असते, आणि समोरची भिंत आड येईल असे वाटत असताना लहरी मात्र तिच्या बऱ्याच वरून येत असतात. मार्ग मोकळा आहे की नाही, हे सूर्याकडूनही कळते. मार्चच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास आणि ऑक्टोबरच्या पहिल्या काही दिवसांत सूर्य या उपग्रहांच्या पाठीमागून जातो; ८३ अंशांच्या उपग्रहामागून दुपारी बाराच्या सुमारास, तर ९३.५ अंशांच्या उपग्रहामागून अकराच्या सुमारास. त्या वेळी छत्रीवर झाडाची सावली पडत नसेल तर उपग्रहाचा मार्गही मोकळा आहे, असे निःशंक मानावे. याच दिवसांत सूर्याच्या लहरींच्या गोंगाटामुळे काही मिनिटे चित्र जाते, तो बिघाड नव्हे.

उपग्रह गोंदियापासून सुमारे ३६,३०० किलोमीटर दूर असल्याने छत्री एक अंशाने सरकली तर तिचा रोख उपग्रहापासून सहाशे किलोमीटरहून अधिक बाजूला जातो. साठ सेंटिमीटरच्या छत्रीची ‘नजर’ साधारण तीन अंश रुंद असल्यामुळे एवढ्या चुकीनेही कोरड्या हवेत चित्र टिकून राहते आणि बसवणाऱ्याचे समाधान होते. चूक उघडी पडते ती जुलैमध्ये. म्हणून बॉक्सच्या मेनूमध्ये सिग्नलच्या ज्या दोन पट्ट्या दिसतात त्यांपैकी ‘स्ट्रेंग्थ’वर न थांबता ‘क्वालिटी’ची पट्टी जिथे सर्वाधिक भरते तिथे छत्री आवळून घ्यावी, कारण पहिली पट्टी किती लहरी आल्या एवढेच सांगते आणि दुसरी त्यांतील किती कामाच्या आहेत ते सांगते.

४. पाऊस आणि वीज

डीटीएचच्या लहरींची लांबी अडीच सेंटिमीटरच्या आसपास असते. मुसळधार सरीतील काही मिलिमीटरचे थेंब या लांबीच्या पुरेसे जवळ जातात आणि लहरींची काही शक्ती शोषून घेतात, काही इतस्ततः विखुरतात. वर्षाला बाराशे मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये झेलणाऱ्या या जिल्ह्यात ‘सिग्नल गेला’ ही तक्रार म्हणूनच ऋतूप्रमाणे येते. जुन्या दांडी अँटेनाच्या काळात सिग्नल कमजोर झाला की पडद्यावर मुंग्या वाढत जात आणि चित्र हळूहळू पुसट होई. डिजिटल चित्राचे तसे नाही: आकडे वाचता येतात तोवर ते निर्दोष असते, मग अचानक ठोकळे पडतात आणि पुढच्या क्षणी पडदा काळा होतो. काही सेवांवर एचडी वाहिन्या अधिक दाटीने माहिती भरलेल्या लहरींवरून येतात, म्हणून पाऊस वाढला की त्या एसडीच्या आधी जातात. तेवढ्यापुरता त्याच वाहिनीचा एसडी क्रमांक लावून पाहावा.

कायमचा उपाय छत्री मोठी करण्याचा आहे. लहरी गोळा करण्याचे काम छत्रीचे क्षेत्रफळ करते आणि क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाप्रमाणे वाढते, त्यामुळे साठऐवजी नव्वद सेंटिमीटरची छत्री घेतली की व्यास दीडपट होतो, पण गोळा होणारी शक्ती सव्वादोनपट होते. ढगफुटीसारख्या सरीत तीही हार मानते, मात्र रोजच्या पावसात चित्र टिकते.

विजेचा प्रश्न याहून गंभीर आहे. पूर्व विदर्भात पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यात विजांचा कडकडाट मोठा असतो. छतावरची धातूची छत्री तारेने थेट बॉक्सला आणि बॉक्समार्फत टीव्हीला जोडलेली असते, त्यामुळे जवळपास वीज पडली तर दोन्ही जळू शकतात. गडगडाट सुरू होण्यापूर्वीच बॉक्सचा आणि टीव्हीचा प्लग काढावा आणि छत्रीची तार बॉक्समागून सोडवून बाजूला ठेवावी. केवळ रिमोटने बंद करणे म्हणजे संरक्षण नव्हे, आणि वीज चमकू लागल्यावर तारेला हात लावणे धोक्याचे असते.

५. बॉक्सच्या आत काय घडते?

एचडी चित्रातील प्रत्येक ठिपक्याचा रंग सांगण्यासाठी २४ बिट, म्हणजे शून्य किंवा एक यांपैकी २४ अंक, लागतात असे धरले आणि सेकंदाला २५ पूर्ण चित्रे धरली, तर २०,७३,६०० गुणिले २४ गुणिले २५ म्हणजे सेकंदाला सुमारे १२४ कोटी अंक पाठवावे लागतील. प्रत्यक्षात एका एचडी वाहिनीला साधारण साठ लाख ते एक कोटी अंकांची वाट मिळते. शंभर भागांतील नव्याण्णव भाग गाळूनही चित्र ओळखीचे राहते, ते अशामुळे की लागोपाठच्या चित्रांत फार थोडे बदललेले असते. निवेदक बातम्या वाचत असताना मागची भिंत जशीच्या तशी असते, म्हणून ती एकदाच पाठवून नंतर फक्त ओठांची आणि डोळ्यांची हालचाल कळवली तरी भागते. कबड्डीच्या सामन्यात प्रेक्षकांसह सगळाच पडदा हलतो, तेव्हा हे गाळणे अवघड होते आणि कंजूषपणे अंक दिलेल्या वाहिनीचे चित्र, ती एचडी असली तरी, फिसकटते. एचडी हा शब्द ठिपक्यांची संख्या सांगतो, त्या ठिपक्यांत किती प्रामाणिकपणे रंग भरला आहे ते सांगत नाही.

हे गाळलेले चित्र पुन्हा उलगडणे हे बॉक्सचे मुख्य काम होय. गाळण्याच्या जुन्या पद्धतीला एमपेग-२ आणि नव्या पद्धतीला एमपेग-४ म्हणतात. दुसरी पद्धत तेच चित्र जवळपास निम्म्या अंकांत बसवते, म्हणून भारतातील एचडी वाहिन्या तिचाच वापर करतात. जुन्या एमपेग-२ बॉक्समध्ये ती उलगडणारी चिपच नसते, त्यामुळे कार्ड बदलून किंवा वरचा रिचार्ज मारून तो बॉक्स एचडी होत नाही. बॉक्समधील कार्ड ही केवळ किल्ली असते: कोणत्या वाहिन्यांचे कुलूप या घरासाठी उघडायचे, एवढेच ते ठरवते. डीडी फ्री डिशवर दरमहा शुल्क नाही, पण तिथल्या पुष्कळ वाहिन्या एसडी आणि एमपेग-२ प्रकारच्या आहेत. दूरदर्शनच्या मोजक्या एचडी वाहिन्या पाहण्यासाठी तिथेही एमपेग-४ बॉक्स लागतो.

केबल असलेल्या घरांत बॉक्स आला तो कायद्याने. केबल टीव्हीविषयीच्या १९९५च्या कायद्यात २०११ मध्ये दुरुस्ती झाली आणि केबलचे प्रक्षेपण टप्प्याटप्प्याने डिजिटल करणे बंधनकारक झाले. पहिल्या टप्प्यात मुंबईसह चार महानगरे होती, दुसऱ्यात नागपूरसारखी मोठी शहरे ३१ मार्च २०१३ पर्यंत आली, गोंदिया-तिरोड्यासारखी शहरे तिसऱ्या टप्प्यात मोडली आणि खेड्यांसाठीच्या चौथ्या टप्प्याची मुदत वाढत वाढत ३१ मार्च २०१७ वर गेली. केबलवाल्याकडूनही एचडी बॉक्स मिळतो. त्याची मोठी छत्री अनेक घरांसाठी एकच असल्यामुळे पावसात तो अधिक टिकतो, मात्र खांबाखांबांवरून आलेल्या तारेतील प्रत्येक जोड चित्रावर परिणाम करतो.

बॉक्स तापतो, हे त्याचे स्वाभाविक वर्तन आहे, आणि त्याच्या वरच्या जाळीतून ही उष्णता बाहेर पडावी अशी त्याची रचना असते. विणलेला झालरीचा रुमाल त्यावर पसरला तर शोभा वाढते, पण आयुष्य घटते. ‘स्टँडबाय’वर ठेवलेला बॉक्सही बरेचदा चालू असतानाइतकीच वीज घेतो, दहा वॅट धरले तरी चोवीस तास आणि तीस दिवसांचे सव्वासात युनिटच्या जवळपास होतात.

६. पिवळी तार

निराशेचे सर्वांत सामान्य कारण बॉक्सच्या मागच्या बाजूला सापडते. जुना बॉक्स काढून नवा बसवताना पिवळी, लाल आणि पांढरी अशा तीन टोप्यांची जुनीच तार नव्याला लावली जाते, कारण ती बरोबर बसते आणि चित्रही येते. यातील लाल आणि पांढरी आवाजासाठी असतात आणि सगळे चित्र एकट्या पिवळ्या तारेतून जाते. ही तार एसडीपेक्षा अधिक तपशील नेऊच शकत नाही, त्यामुळे उपग्रहापासून बॉक्सपर्यंत आलेले वीस लाख ठिपके शेवटच्या एका मीटरमध्ये चार लाखांवर येतात. एचडीसाठी एचडीएमआय नावाची रुंद, चपट्या तोंडाची तार वापरावी लागते, जी चित्र आणि आवाज दोन्ही अंकांच्या रूपातच नेते. ती जोडल्यावर टीव्हीच्या रिमोटवरील ‘सोर्स’ किंवा ‘इनपुट’ दाबून एचडीएमआय निवडावे, बॉक्सच्या मेनूमध्ये चित्राची प्रत १०८०आय आणि आकार १६:९ ठेवावा. आकार ४:३ राहिला तर चेहरे ताणलेले किंवा चेपलेले दिसतात, आणि पुष्कळ घरांत लोक वर्षानुवर्षे तसेच बघत राहतात.

तार बदलूनही फरक पडत नसेल तर वाहिनीचा क्रमांक पाहावा. एकाच वाहिनीची एसडी आणि एचडी आवृत्ती वेगवेगळ्या क्रमांकांवर असते, आणि सवयीने जुनाच क्रमांक दाबला जातो. एचडी बॉक्स एसडी वाहिनीला एचडी करत नाही. तो फार तर तिचे ठिपके फुगवून पडदा भरतो.

७. पैसे कशासाठी मोजायचे?

दूरसंचार नियामक प्राधिकरणाची, म्हणजे ट्रायची, नवी दररचना २०१९च्या सुरुवातीला लागू झाली, तेव्हा पहिल्या शंभर वाहिन्यांच्या जोडणीचे कमाल शुल्क १३० रुपये होते. त्यावर १८ टक्के कर म्हणजे २३.४० रुपये धरून १५३.४० रुपये होत. या मोजणीत एक एचडी वाहिनी दोन एसडी वाहिन्यांइतकी धरली जाई, म्हणजे ८० एसडी आणि १० एचडी घेतल्या की शंभर पुरे. २०२० पासून त्याच शुल्कात दोनशे वाहिन्या बसू लागल्या आणि २०२४ मध्ये शुल्काची कमाल मर्यादा काढून टाकण्यात आली, त्यामुळे आता प्रत्येक सेवेचा दर वेगळा विचारून घ्यावा लागतो. सशुल्क वाहिनीची किंमत याखेरीज असते. स्टार प्रवाह, झी मराठी आणि कलर्स मराठी या तिन्ही वाहिन्यांच्या एचडी आवृत्त्या २०१६ मध्ये सुरू झाल्या, तरी मराठी आणि हिंदी दोन्ही पाहणाऱ्या गोंदियासारख्या सीमेवरील घरात सगळ्याच वाहिन्या एचडीमध्ये घेतल्या तर बिल लक्षणीय वाढते.

मालिका आणि बातम्या आठ-दहा फुटांवरून ३२ इंची संचावर पाहणाऱ्या कुटुंबाने एचडी पॅकच्या आधी मोठ्या छत्रीवर आणि नीट बसवणुकीवर खर्च करावा, हे येथे स्पष्टपणे म्हणावेसे वाटते, कारण त्या घरात चित्र गायब होणे हा चित्र पुसट असण्यापेक्षा मोठा त्रास आहे. खेळ, निसर्गपट आणि चित्रपट जवळून किंवा मोठ्या पडद्यावर पाहणाऱ्यांचा हिशेब वेगळा येतो. वाहिनी सुटी घेण्याची सोय असल्यामुळे सगळा पॅक बदलण्यापूर्वी नेहमी पाहिली जाणारी एकच वाहिनी एचडीमध्ये घ्यावी आणि तिचे दोन्ही क्रमांक आलटून पालटून लावून, रोजच्या जागेवर बसूनच, तळाच्या पट्टीवरील अक्षरे पाहावीत. ती दोन्हीकडे सारखीच दिसली तर आधी पिवळी तार, मग संचावरील ठिपके आणि शेवटी खुर्चीचे अंतर, या क्रमाने तपासणी करावी.